पाखरांचं विचारा : यंदा काय काय हुकलं?

डिसेंबर लागला की या सदराच्या डाकेचा सूरच बदलतो. जूनमध्ये 'हे कोणतं पाखरू' विचारणारी मंडळी आता 'ते दिसलंच नाही हो' म्हणून गाऱ्हाणं घेऊन येतात. यावेळी निम्मे मेसेज एकाच पाखराबद्दल होते म्हणून त्यालाच जास्त जागा देतोय, बाकीच्यांनी रागावू नका.

प्रश्न (जळगावहून एक वाचक) : सर, यावर्षी रानपिंगळा, ते दुर्मीळ घुबड, बघायचाच असं ठरवलं होतं. यावल-पाल साईडला चार चकरा झाल्या, एकदा तोरणमाळलाही मुक्काम केला, पेट्रोलचा खरा आकडा बायकोला अजून सांगितलेला नाही. दर वेळी संध्याकाळी टॉर्च घेऊन निघायचो, रात्री दहापर्यंत फिरायचो. शेवटच्या चकरेत एका गाइडने झाडावरचं घुबड दाखवलं, हाच तो म्हणाला, पाचशे घेतले. घरी येऊन फोटो मोठा केला तर डोक्यावर पांढरे ठिपके. बघितलेल्या पाखरांच्या लिस्टमध्ये टिक करू का? मनाला पटत नाहीये.

उत्तर : नका करू भाऊ. मनाला पटत नाहीये म्हणजे उत्तर तुम्हाला आधीच कळलेलं आहे, फक्त माझ्याकडून शिक्का हवाय. डोक्यावर भरगच्च ठिपके म्हणजे आपला गावातला साधा पिंगळा, तो तुमच्या घरामागच्या चिंचेवरही बसत असेल, फुकटात. रानपिंगळ्याचं डोकं जवळपास कोरं असतं, छाती गडद तपकिरी, पंखावर आणि शेपटीवर जाडजाड पट्टे, पोट पांढरं, आणि पायावर पिसं इतकी की लोकरीचे मोजे घातलेत असं वाटावं. बसल्या बसल्या शेपटी डावी-उजवीकडे झटकायची सवय आहे त्याला.

आता तुमची खरी चूक सांगतो, ती म्हणजे टॉर्च. हे घुबड दिवसाचं आहे हो! थंडीच्या सकाळी सागाच्या विरळ रानात, पानं झडलेल्या फांदीवर उघड्यावर ऊन खात बसतं आणि तिथूनच सरडे, उंदीर टिपतं. तुम्ही रात्री दहापर्यंत फिरलात तेव्हा ते बहुतेक ढोलीत गप पडलेलं असणार. तर पुढच्या वेळी टॉर्च घरी ठेवा, सकाळी सातला रानात पोचा, आणि पायी फिरा, गाडीतून नको.

आणि या पाखराला शोधताना चुकलेले तुम्ही पहिले नाहीत, तुमच्या आधी मोठमोठी माणसं चुकलीत. 1873 मध्ये ह्यूमने त्याला नाव दिलं, आणि हा तोच ह्यूम, काँग्रेसच्या स्थापनेवाला. पुढे खान्देशात डेव्हिडसन नावाचा इंग्रज अधिकारी होता, त्याने आपल्याकडून काही नमुने गोळा केले, आणि 1884 नंतर हे पाखरू गायबच. मग माइनर्ट्झहागेन नावाच्या एका साहेबाने दावा केला की मी 1914 मध्ये गुजरातच्या मांडवीला एक मारलाय, म्युझियमला दिलाय. झालं, साहेबाच्या त्या खोट्या पत्त्यावर विसंबून नंतरच्या लोकांनी शोध घेतला आणि हात हलवत परत आले. शेवटी पामेला रासमुसेन या पक्षीतज्ज्ञ बाईंनी म्युझियममधले नमुने एकेक करून तपासले तेव्हा उलगडा झाला की तो नमुना डेव्हिडसनचाच, ब्रिटिश म्युझियममधून ढापलेला, पुन्हा भुसा भरून नवीन चिठ्ठी बांधलेला. म्हणजे पाखरू आपल्या खान्देशचं, चोरलं लंडनमधून आणि पत्ता चिकटवला गुजरातचा!

मग त्या बाई, बेन किंग आणि डेव्हिड अ‍ॅबट असे तिघं फक्त ज्या नमुन्यांच्या चिठ्ठीवरचा पत्ता खात्रीचा तेवढेच धरून हिंडले आणि 25 नोव्हेंबर 1997 ला सकाळच्या उन्हात शहाद्याजवळ सातपुड्याच्या पायथ्याशी त्यांना ते दिसलं. तब्बल 113 वर्षांनी. शहादा तेव्हा धुळे जिल्ह्यात होतं, नंदुरबार जिल्हा पुढच्या वर्षी झाला. त्यानंतर मेळघाट, यावल, अगदी ठाण्याकडे तानसालाही सापडलं, तरी अजून संकटग्रस्तच आहे, कारण सातपुड्यातलं रान काही वाढत नाहीये.

म्हणून तुमच्या त्या एका टिकबद्दल मी एवढा खडूसपणा करतोय. तुम्ही आज ई-बर्डवर, म्हणजे पाखरांच्या नोंदीच्या त्या वेबसाइटवर, पिंगळ्याला रानपिंगळा लिहिलंत की उद्या दुसरा कोणी त्या झाडाखाली पेट्रोल जाळणार. त्यापेक्षा चारही चकरांच्या पूर्ण याद्या टाका, जे जे दिसलं ते सगळं लिहा, सातभाई-कोतवालसुद्धा. पूर्ण यादीत रानपिंगळा नाही हीसुद्धा माहिती असते, फक्त किती वाजता फिरलात ते खरं लिहा म्हणजे अभ्यास करणाऱ्याला कळेल की हा गडी रात्री गेला होता. आणि हो, मोबाईलवर आवाज वाजवून बोलवायचा मोह टाळा, ऑक्टोबर ते मे याचा विणीचा काळ असतो. पाचशे गेले ते गेले.

प्रश्न (भुसावळहून एक ताई) : दरवर्षी हतनूरला पट्टकादंब (डोक्यावर पट्टे असलेले हंस) बघते, यंदा रविवारी दुपारी गेलो तर एक पण नाही. यायचे बंद झाले का? कोणी म्हणतं हवामान बदललं.

उत्तर : ताई, एका रविवारवरून हवामानापर्यंत नका जाऊ. हतनूर म्हणजे तापी-पूर्णेचा गाळ साठलेलं धरण, पाखरांची मजा त्या उथळ काठावर आणि चिखलावर असते. पाऊस लांबला आणि धरण भरलेलं राहिलं की चिखल पाण्याखाली जातो, वर आजूबाजूचे पाझर तलाव पण भरलेले असतात, मग पाखरं एका जागी कशाला गर्दी करतील, सगळीकडे पांगतात. दुष्काळी वर्षात उलट होतं, आपण म्हणतो वा काय पाखरं आलीत यंदा, आणि ती बिचारी दुसरीकडे पाणी नाही म्हणून तिथे आलेली असतात. दुसरं असं की हे हंस रात्री आणि पहाटे हरभऱ्या-गव्हाच्या शेतात चरतात, उन्हं वर आली की पाण्यावर किंवा वाळूच्या पट्ट्यावर येऊन आराम करतात, आणि हा पट्टा काठावरून दिसेलच असं नाही. हिमालय ओलांडून आलेली पाखरं आहेत, दोन-चार किलोमीटर इकडेतिकडे सरकणं त्यांना काहीच नाही. जानेवारीत पाणी उतरल्यावर परत जा, जमलं तर स्कोपवाला (लांबचं दाखवणारी स्टँडवरची दुर्बीण असलेला) कोणीतरी सोबत घ्या. आशियाई पाणपक्षी गणनाही जानेवारीतच असते, तिच्यात सामील झालात तर एका दुपारीऐवजी नीट मोजणी हातात येईल.

प्रश्न (धुळ्याचा एक विद्यार्थी) : अमूर ससाणा परत हुकला. सुट्टीत गेलो होतो ना सर.

उत्तर : दिवाळीच्या सुट्टीत ना? तिथेच घोळ आहे. नागालँड-मणिपूरहून निघून आफ्रिकेला जाताना तो आपल्यावरून नोव्हेंबरच्या मध्यानंतर जातो, आणि तोही थांबायला येत नाही, रात्रीपुरता टेकला तर टेकला. कॅलेंडरवर तुझी सुट्टी नको बघू, त्याची बघ. लेक्चर बुडव असं मी म्हटलेलं नाही.

प्रश्न (चोपड्याहून) : ग्रुपमध्ये एकाचे यावर्षी 240 जातींचे पक्षी बघून झाले, माझे 141. वाईट वाटतं. तुमचं काय हुकलंय कधी?

उत्तर : त्या 240 वाल्याला भरतपूर-कच्छ फिरायला सुट्टी आणि पैसा दोन्ही असणार, त्याची तुमच्या चोपड्याशी कशाला तुलना करता. आमची आई तर म्हणायची, 'पाखरं देखाले इतलं दूर जास, घरमा चिमण्या शेतस त्या देख ना.'

माझं नवरंग हुकलंय. सहा वर्षं. दरवर्षी मे-जूनमध्ये सातपुड्यात पहाटे जातो, त्याची ती दोन सुरांची शीळ ऐकतो, नाल्याच्या जाळीत डोळे फुटेपर्यंत बघतो, काही नाही. आणि गेल्या मे महिन्यात वहिनीचा व्हॉट्सअ‍ॅप आला, 'भाऊजी आमच्या जिन्यात कोणाचा तरी रंगीत पोपट आलाय, तुम्हाला हवा का?' फोटो उघडला तर नवरंग! प्रवासात थकून, दिशा चुकून असे घरात, बाथरूममध्ये येऊन पडतात ते. म्हटलं वहिनी हात लावू नका, पंखा बंद करा, खिडकी उघडी ठेवा, मी निघालो. त्यांनी खिडकी उघडी ठेवली. मी पोचलो तेव्हा जिन्यात फक्त एक वाटीभर तांदूळ होते, पोपटासाठी ठेवलेले.

माझ्या लिस्टमध्ये अजून नाही. वहिनीच्या आहे.