पॅरिसला येताय, तर सायकलीबद्दल आणि थोडं शाळेबद्दल

मुलाला घेऊन पॅरिसला येताय, घर मेनिलमाँताँ टेकडीच्या वरच्या अंगाला, ऑफिस खाली रेप्युब्लिक चौकाजवळ, आणि रोजच्या जाण्यायेण्याला वेलिब (शहराची, स्टँडवरून घ्यायची भाड्याची सायकल) बरी की लाइम (खासगी कंपनीची, बॅटरीची), असं तुम्ही विचारलंत. मी सहा वर्षं हाच रस्ता करतेय, म्हणून लिहायला बसले. पासचे दर आणि व्हिसाची यादी साइटवर मिळेल, ते सोडते.

सकाळी हिरवी वेलिब घ्या. हिरवी साधी, निळी बॅटरीची. 2018 मध्ये सगळ्या सायकली बदलल्या तेव्हापासूनची ही जोडी. हिरवी जड आहे, पण उतारावर दगडी रस्त्यात तेच जडपण आधार देतं. साडेआठनंतर मात्र वरचे स्टँड रिकामे आणि खालचे भरलेले, कारण सगळेच खाली उतरतात. लवकर निघा.

संध्याकाळच्या चढाला निळी. मागून कुणीतरी हात लावल्यासारखं वाटतं. लाइम सुटतानाच झटका देते, गर्दीत मला भीती वाटते, आणि रोज मिनिटावर पैसे मोजणं परवडत नाही. मात्र स्टँडवर रिकामी जागा शोधावी लागत नाही, रस्त्यावर आखलेल्या चौकटीत लावली की झालं. उभं राहून चालवायच्या भाड्याच्या इलेक्ट्रिक स्कूटर विसरा, 2023 मध्ये मतदान घेऊन शहराने त्या बंद केल्या.

सीट उलटी फिरवलेली दिसली तर ती सायकल बिघडलेली समजा, इथल्या लोकांनी एकमेकांसाठी ठेवलेली ही खूण. बाकी सायकलींचंही चाक दाबून, पेडल फिरवून बघा. परत लावताना सायकल नीट जमा झाल्याची खूण मिळेपर्यंत जागचे हलू नका, 300 युरोंची अनामत अडकलेली असते.

मुलाचं वय तुम्ही लिहिलं नाहीत. 14 वर्षांखाली वेलिब चालवता येत नाही. माझी मुलगी आली तेव्हा आठची होती. जन्मदाखला तीन महिन्यांच्या आत काढलेला हवा, असं एका खिडकीवर सांगितलं. भावाने पुण्यात महापालिकेत खेटे घातले, भाषांतराचे पैसे मी दोनदा भरले. ते सगळं मी विसरले. शाळेचं विसरत नाही. गणित तिला येत होतं, प्रश्नच वाचता येत नव्हता. त्यांनी एक इयत्ता खाली बसवलं आणि त्या भेटीत मी नुसती 'वी, वी' (हो, हो) म्हणत मान हलवत राहिले. काय विचारलं तेही कळलं नव्हतं. घरी येताना तिने विचारलं, "आई, मी नापास झाले का?" तेव्हा माझ्याकडे उत्तर नव्हतं, आजही नाही.

एकटेपणाचं फार मनावर घेऊ नका. कामात दिवस जातो.

गेल्या महिन्यात मुलगी 14 ची झाली. रविवारी दोघींनी हिरव्या काढल्या. चढावर ती पुढे निघून गेली आणि वरून ओरडली, "आई, पहिला गिअर टाक!" सगळ्या रस्त्याला ऐकू जाईल असं, मराठीत.

शाळेच्या पहिल्या भेटीला फ्रेंच बोलणारं कुणीतरी बरोबर न्या. कुणी नसेल तर मला कळवा, सुट्टी काढून मी येईन.