अडीअडचणीला निघायची गाडी: आधी एवढंच

अचानक घर सोडून निघावं लागलं तर गाडी तयार हवी. छतावरचं कॅरियर, विंच (अडकलेली गाडी ओढून काढायचं यंत्र) वगैरे नंतर बघा. आधी टाकी. अर्ध्याखाली जाऊ द्यायची नाही. गाडी सीएनजीवर असली तरी पेट्रोल ठेवाच. धो-धो पावसात ठाण्याच्या घोडबंदरला पंपाची रांग हलत नाही.

उभी गाडी दगा देते ती बॅटरीमुळे. आठवड्यातून अर्धा तास चालवा, नुसती जागेवर घुरघुरवू नका. सकाळी सुरू करण्याआधी मल्टिमीटरवर (व्होल्ट मोजायचं यंत्र) बॅटरीचे १२.६ व्होल्ट हवेत, १२.२ म्हणजे निम्मी संपली. स्टेपनीची हवाही बघा, ती सगळेच विसरतात.

ऑरेंज अलर्ट आला की बेसमेंटमधून वर काढा. इंजिनात पाणी गेलं असेल तर स्टार्टर मारू नका, कनेक्टिंग रॉड वाकतो.

चोरीसाठी गिअर लॉक. जादा चावी गाडीतच लपवणं ही नवख्यांची ठरलेली चूक. निघायसाठी भरून ठेवलेली बॅग सीटवर दिसली की काच फुटलीच समजा. ती घरात, दाराशी ठेवा.