खाडे मोजायचे की नाही? गाण्याच्या क्लासची फी आणि बुडालेले तास

मागच्या अंकात मुलांसाठी गाण्याचा क्लास कसा निवडावा यावर लिहिलं होतं, त्यावर जी पत्रं आणि मेसेज आले त्यातले अर्ध्याहून जास्त पैशांबद्दलच होते. शिकवणाऱ्यांचेही आणि शिकणाऱ्यांचेही. म्हणून या वेळी फक्त तेच घेतेय. नावं कोणाचीच देत नाही.

प्रश्न : ताई, मी नाशिकला घरीच पेटी आणि गायन शिकवते, सात वर्षं झाली. बावीस मुलं आहेत, चार-चार पाच-पाचच्या बॅच, आठवड्यातून दोन दिवस, महिना ८०० रुपये. गणपतीच्या महिन्यात पालक म्हणतात चारच क्लास झाले, मग ५०० घ्या. दुधाचे खाडे धरतात तसे क्लासचे खाडे धरतात. मे महिन्यात तर कोणीच फी देत नाही. मागायला मला लाज वाटते. काय करू?

उत्तर : खाडा हा शब्द तुम्हीच लिहिलात ते बरं झालं, कारण सगळी गडबड तिथेच आहे. दुधाचा खाडा धरतात ते बरोबरच आहे, आपण गावाला गेलो तर ते अर्धा लिटर दूधवाला दुसऱ्या घरी देतो, त्याचं काही अडत नाही. तुमचा सोमवारचा साडेपाचचा तास तुम्ही कोणाला देणार? मुलगी येणार नाही हे तुम्हाला पाच पस्तीसला कळतं, तेही तुम्ही फोन केला तर. फी असते ती जागेची, वेळेची. रोज लोकलने जाणारा माणूस महिन्याचा पास काढतो, मध्ये चार दिवस तापाने झोपला म्हणून चार दिवसांचे पैसे परत मागत नाही. गाडी त्याच्यासाठी धावलीच होती ना. क्लासची फी पासासारखी आहे, दुधासारखी नाही, हे आधी स्वतःला पटवून घ्या, तुम्हाला पटलं की सांगताना आवाज आपोआप ठाम येतो.

मला हे कधी पटलं ते सांगते. ऑगस्टमधली दुपार, धो धो पाऊस, चार मुलींच्या बॅचला एकच आली, दप्तर प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून. मी तानपुरा लावून, पेटी उघडून बसलेलीच होते. त्या तासाभरात आम्ही भूप रागाचे पलटे घोटले, तिचा धैवत म्हणजे 'ध' सारखा उतरत होता तो शेवटी जागेवर आला, इतका छान तास झाला. महिनाअखेर बाकी तिघींच्या घरून तो दिवस कापून पैसे आले. म्हणजे तास मी पूर्ण शिकवला आणि मिळाला चौथा हिस्सा. आणि त्या तिघींच्या आयांचं काही चुकलंय असंही मला म्हणता येईना, कारण मी कधी कोणाला काही सांगितलंच नव्हतं!

आता फी ठरवायची कशी. बहुतेक जणी काय करतात, शेजारच्या गल्लीतल्या क्लासला किती आहे ते बघतात आणि पन्नास रुपये कमी लावतात. तसं करू नका, उलट्या बाजूने हिशोब करा. समजा तुम्हाला घरखर्चाला महिना ४५,००० हवेत आणि जागा, वीज, पेटीचं ट्यूनिंग, तबल्याची शाई-पुडी, फोन, थोडं आजारपणासाठी बाजूला असे १०,००० धरले, तर झाले ५५,००० म्हणजे वर्षाला ६,६०,०००. आता तास मोजा. मुलं शाळेतून येणार चारनंतर, त्यामुळे दिवस कितीही मोठा असला तरी शिकवायला मिळणारा वेळ चार ते नऊच, शनिवार-रविवार धरून आठवड्याला साधारण २४ तास भरतात. आणि वर्षाचे ५२ आठवडे धरायचे नाहीत, दिवाळीचे दोन, मेचे तीन, गणपतीचा एक, तुमच्या स्वतःच्या आजारपणाचे आणि कार्यक्रमांचे दोन असे आठ काढा, उरले ४४. चोवीस गुणिले चव्वेचाळीस, १,०५६ तास. ६,६०,००० ला त्याने भागलं की येतात तासाला ६२५ रुपये. हा एकट्याला शिकवण्याचा दर. चौघांच्या बॅचमध्ये प्रत्येकी १५६ रुपये २५ पैसे, आठवड्याला दोन म्हणजे वर्षात ८८ क्लास, झाले १३,७५०. ते बारा महिन्यांत वाटलेत तर महिना ११५० च्या आसपास आणि मे सोडून अकरा महिन्यांत घेतलेत तर बरोबर १२५०. तुमचे आकडे वेगळे असतील, नाशिकचा खर्च वेगळा, तुम्हाला कदाचित ४५,००० नको असतील, पण रीत हीच. आणि बघा, सुट्ट्या यात आधीच वजा झाल्यात! गणपतीत क्लास कमी झाले म्हणून पुन्हा पैसे कापले तर तीच सुट्टी दोनदा कापली जाते. हे वाक्य पालकांना असंच सांगा, कळतं त्यांना.

८०० वरून एकदम १२५० करू नका, जूनमध्ये १०००, पुढच्या जूनमध्ये पुढचं, आणि जूनची वाढ एप्रिलमध्ये सांगायची म्हणजे ज्यांना झेपणार नाही त्यांना विचार करायला वेळ मिळतो. मेसेज साधा ठेवा. मी असा पाठवते : "नमस्कार. जूनपासून फी महिना १००० रुपये राहील. फी वर्षाच्या ८८ क्लासवर ठरवलेली आहे, सणांच्या सुट्ट्या त्यात धरल्या आहेत, त्यामुळे कुठल्याही महिन्यात क्लास कमी-जास्त झाले तरी फी तीच. दर महिन्याच्या पाच तारखेपर्यंत द्यावी." एवढंच. खाली माफी मागू नका, "गैरसमज नसावा" वगैरे नको.

एक मात्र मनापासून सांगते. एखाद्या घरात खरंच अडचण असेल तर तिथे हा नियम बाजूला ठेवायचा आणि ते तुमच्यात आणि त्या घरातच राहिलं पाहिजे, ग्रुपवर नाही. गळा असलेलं मूल फीमुळे बंद झालं तर ते मला आजही रात्री आठवतं. नियम बाकीच्या अठरा-वीस जणांनी पाळला की अशा एका मुलाला फुकट शिकवायची ताकद येते.

प्रश्न : मुलगा दहा वर्षांचा, ठाण्यात तबला शिकतो, एकट्याचा क्लास, महिन्याला चार, प्रत्येकी ६०० आणि सगळे आगाऊ. गेल्या महिन्यात त्याला डेंग्यू झाला, दोन क्लास बुडाले, सरांनी ना पैसे वळते केले ना बदली क्लास दिला. पण सरांचा स्वतःचा कार्यक्रम असला की तासभर आधी मेसेज येतो, आज नाही, आणि तो क्लास तसाच जातो. हे बरोबर आहे का?

उत्तर : नाही. वर मी शिकवणाऱ्यांची बाजू घेतली म्हणून इथे स्पष्ट लिहिते. विद्यार्थ्याने बुडवलेला तास वेगळा आणि शिक्षकाने बुडवलेला तास वेगळा. शिक्षकाने रद्द केला तर ते देणं आहे, बदली तास द्यायचा नाही तर पुढच्या महिन्यात पैसे वळते करायचे, यात तिसरा पर्याय नसतो. कलाकार माणसाला नोव्हेंबर ते फेब्रुवारी कार्यक्रम असणारच, तो मोठा वादक असेल तर त्याच्याकडे शिकण्याचा फायदाही आहे, मुलाला साथ ऐकायला मिळते, पण मग वर्षाच्या क्लासची संख्या ठरवतानाच ते धरायला हवं, जानेवारीत दोनच होतील जूनमध्ये पाच घेईन असं आधी सांगायला हवं. आधी सांगितलं की तोच पालक आनंदाने थांबतो.

मुलाच्या बाजूचं म्हणाल तर माझ्याकडे असं आहे : आदल्या दिवशी याच वेळेपर्यंत कळवलं तर बदली तास, तोही त्याच महिन्यात आणि महिन्यातून एकदाच. त्याच दिवशी कळवलं किंवा कळवलंच नाही तर तास गेला. वाढदिवस, पाहुणे, युनिट टेस्ट यांचं त्याच दिवशी कळवलं तर बदली नाही कारण ते आदल्या दिवशी माहीत असतं. पण डेंग्यू, हॉस्पिटल, घरात मृत्यू, अशा वेळी घड्याळ बघायचं नसतं हो. तापाने फणफणलेल्या पोराच्या आईकडून चोवीस तासांची नोटीस कसली मागायची. बॅचच्या मुलांना मात्र बदली तास देणं शक्य नसतं, तो दिवस मी फोनवर रेकॉर्ड करून पाठवते आणि पुढच्या वेळी दहा मिनिटं आधी बोलावते, तुमचा तर एकट्याचा आहे.

सरांशी बोला, पण मुलासमोर नको आणि मेसेजवर तर नकोच. समोर बसून विचारा की सर, तुमच्याकडून रद्द झालेले हे आणि आजारपणाचे दोन, यांचं कसं करायचं? तारखा कागदावर लिहून न्या. बऱ्याच जणांना आपण किती वेळा रद्द केलं हे खरंच लक्षात नसतं. शिकवणं चांगलं असेल तर एवढ्यावरून क्लास सोडू नका, पण पुढच्या वर्षाचं आधी ठरवून घ्या, मध्येच सोडायचं झालं तर एक महिना आधी सांगू हेही तुमच्या बाजूने कबूल करा.

प्रश्न : दहावीची मुलं जानेवारीपासून बंद करतात आणि परीक्षेनंतर "आमची जागा आहे ना" म्हणून येतात. जागा ठेवायची का?

उत्तर : फुकट ठेवायची नाही. अर्धी फी दिली तर जागा राखून ठेवते, नाही दिली तर यादीत नाव, जागा झाली की बोलावेन, असं मी डिसेंबरमध्येच सांगते. आणि पालकांनो, शक्य असेल तर आठवड्याला एक तास चालू ठेवा, दिवसभर पुस्तकात डोकं घातलेल्या मुलाला तो तास काय देतो ते त्याला विचारा. दहावीत कलेसाठी मिळणाऱ्या वाढीव गुणांसाठी नववीत येऊन मध्यमापर्यंत पोचवा म्हणणाऱ्यांना मी सरळ नाही म्हणते, प्रारंभिक मग प्रवेशिका मग मध्यमा अशा एकेक परीक्षा चढत जायला वर्षं लागतात. या परीक्षा घेणाऱ्या गांधर्व महाविद्यालय मंडळाचा फॉर्म आणि परीक्षेच्या दिवशीचा तबलजी हा खर्च क्लासच्या फीपेक्षा वेगळा असतो, तो शिक्षकांनी वर्षाच्या सुरुवातीलाच सांगावा, ऐन फॉर्म भरताना सांगितलं की उगाच मनं खराब होतात.

प्रश्न : पुण्यातून न्यू जर्सीच्या मुलांना ऑनलाइन गाणं शिकवते. वर्षातून दोनदा वेळेचा घोळ होतो, मी बसून राहते, मुलं येत नाहीत किंवा तासभर आधी येतात. तो क्लास कोणाचा बुडाला?

उत्तर : तिकडे मार्चच्या दुसऱ्या रविवारी घड्याळ पुढे जातं आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी मागे येतं, आपलं जागेवरच. शनिवारी रात्री नऊचा त्यांचा क्लास उन्हाळ्यात आपल्याकडे रविवारी सकाळी साडेसहाला असतो आणि थंडीत साडेसातला. आता वेळ कोणाच्या घड्याळाने पक्की हे एकदा ठरवा, मी म्हणेन त्यांच्या, कारण मुलांची शाळा आणि झोप त्यावर आहे, आणि ऑक्टोबरच्या शेवटी आणि फेब्रुवारीच्या शेवटी आठवणीचा एक मेसेज टाका. मेसेज टाकूनही आले नाहीत तर क्लास त्यांचा, टाकला नसेल तर तुमचा. फी तिमाही घ्या, दर महिन्याला परदेशातून पैसे यायचे म्हणजे दोन्हीकडे कटकट. आणि नेट गेलं तर? तुमचं गेलं तर तुम्ही भरून द्या, त्यांचं गेलं तर पंधरा मिनिटं थांबा, मग तास संपला.

प्रश्न : वय ५८, निवृत्त झालो, मिरजेत एका वयस्कर बुवांकडे ख्याल शिकतोय. फी विचारली तर म्हणतात, द्या तुम्हाला वाटेल ते. माझा भाऊ म्हणतो विद्या विकायची नसते, गुरुपौर्णिमेला काय ते दे. मला कळत नाही किती द्यावं, आणि मी दोन महिने मुलीकडे बंगळुरूला जातो तेव्हा काय?

उत्तर : काका, पूर्वी फी नव्हती हे खरं, पण फुकटही नव्हतं. शिष्य गुरूच्या घरी वर्षानुवर्षं राहायचा, पाणी भरायचा, पडेल ते काम करायचा आणि मधल्या वेळात पदरात पडेल ते शिकायचा. तुमच्या मिरजेतच बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे विष्णु दिगंबर पलुसकर वर्षानुवर्षं शिकले, आणि त्याच पलुसकरांनी पुढे ५ मे १९०१ ला लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं, वेळापत्रक, वर्ग, छापील पुस्तकं, परीक्षा सगळं आणलं. त्यामुळे तुमच्या-माझ्यासारख्या नोकरी-संसार सांभाळणाऱ्या माणसांना गाणं शिकता आलं. तुम्ही बुवांच्या घरी पाणी भरत नाही ना? मग तिथे पैसे येतात, आणि ते सन्मानाचेच आहेत.

किती द्यायचं ते बुवांकडे लांबून येणाऱ्या एखाद्या जुन्या शिष्याला विचारा, तो सांगेल. नाही कळलं तर तुमच्या भागात त्या तयारीचे शिक्षक तासाला काय घेतात ते बघा आणि त्यापेक्षा कमी देऊ नका. "वाटेल ते" म्हणणाऱ्या माणसाला लोक कमीच देतात, हे मी फार जवळून पाहिलंय. गुरुपौर्णिमेचं श्रीफळ-शाल-दक्षिणा ते वेगळं, ती महिन्याच्या फीची भरपाई नाही. बंगळुरूचे दोन महिनेही द्या, जमत असेल तर जाण्याआधीच, बुवांच्या घरचा किराणा आणि औषधं त्या दोन महिन्यांतही आणावीच लागतात.

हातात देऊ नका, त्यांना घ्यायला अवघड होतं. पाकिटात घालून, वर महिना लिहून, पेटीच्या झाकणाखाली ठेवा आणि निघताना नमस्कार करून एवढंच सांगा की बुवा, श्रावणाचं ठेवलंय.