तावडे हॉटेल ओलांडलं की नवऱ्याला काय होतं?

"स्टुटगार्टला हा रोज सकाळी मुलांचे डबे भरतो, शनिवारी बाथरूम धुतो, मी आजारी असले तर वरणभाताचा कुकर लावतो. कोल्हापुरात शिरताना गाडी तावडे हॉटेलच्या पुढं गेली की याला काय होतं कळत नाही. सोफ्यावर बसतो तो बसतोच. तिथून 'पाणी दे गं' अशी हाक. यंदा तिसऱ्या दिवशी आमचा नऊ वर्षांचा मुलगाही त्याच्या शेजारी बसून 'आई, पाणी' म्हणाला. खरा नवरा कोणता, स्टुटगार्टचा की शिवाजी पेठेतला?"

पत्र चांगलं चार पानी आहे. माहेरच्या हक्कसोडपत्राचा विषय आहे, पासपोर्टवरच्या आडनावाचा आहे, मुलाच्या कथ्थकच्या क्लासवरून सासरे रुसलेत तेही आहे. सगळ्यांकडे येते. पण ताई, मी अडकले त्या "आई, पाणी"पाशी. आणि नेहमीच्या वाचकांना माहीतच आहे, स्वयंपाकघराचा विषय निघाला की मी लवकर आवरत नाही.

खरा नवरा शोधत बसू नका. दोघेही खरेच आहेत. जर्मनीत बाळ झाल्यावर मिळणारा पालकभत्ता एकट्यानं घेतला तर साधारण 12 महिने मिळतो, दुसऱ्यानंही किमान 2 महिने घेतले तर दोघांचे मिळून 14 होतात. तुमच्या यजमानांनी ते दोन महिने घेतले, तुम्हीच लिहिलंय. म्हणजे तिथं बापानं लंगोट बदलले तर घरात पैसे येतात आणि ऑफिसात कुणी फिदीफिदी हसत नाही. त्याच बापानं पेठेत जेवणाचं ताट उचलून मोरीत नेलं, तर शेजारचा दारातून विचारणार, "काय रं, बायकोच्या ताटाखालचं मांजर झालास व्हय?" संध्याकाळी गंगावेशीत दूध प्यायला गेल्यावर तोच विषय. चाळिशीचा इंजिनियर असला तरी लहानपणच्या मित्रांपुढं तो अजून दहावीतलाच असतो. मला त्याची दया येते. खरंच येते. पण त्यापायी त्याला सोडायला मी तयार नाही.

कारण कोल्हापूरच्या बाप्याला स्वयंपाक येत नाही, हे मला कुणी सांगू नये. माझा सख्खा भाऊ रस्सा मंडळात आचारी म्हणून मिरवतो. रविवारी नदीकाठी तीन दगडांची चूल मांडून चाळीस माणसांचं मटण करतो. मटणाचं अळणी पाणी किती वेळ उकळायचं, पांढऱ्या रश्श्यात खसखस किती आणि नारळाचं दूध कधी, यावर तासभर बोलेल. लोक वाटी तोंडाला लावून "नाद खुळा!" म्हणतात, याची मान ताठ. घरी मात्र साखरेचा डबा कुठल्या फळीवर असतो, ते त्याला ठाऊक नाही. आणि संध्याकाळी ते भलंमोठं पातेलं घरी येतं, तळाला तांबडं तेल थिजलेलं, कडेला काजळी. ते वहिनी घासते, राख आणि काथ्या घेऊन, मागच्या दारी उकिडवी बसून.

तेव्हा वाटणी बायकांचं काम आणि पुरुषांचं काम अशी नाहीच. चारचौघांत वाहवा मिळते ते काम पुरुषाचं. रोज करून कुणाच्या लक्षातही येत नाही ते बाईचं. तुमचे यजमान कोल्हापुरात एखाद्या रविवारी मटण करत असतीलच. करत असतील तर ते हिशेबात धरू नका.

पुढं तुम्ही लिहिता, "हा म्हणतो, आमच्याकडं रीतच आहे, चार आठवड्यांसाठी कशाला वाद." रीत! कोल्हापूरकरानं रितीचं नाव सांगावं? या संस्थानात 1917 साली विधवा पुनर्विवाहाचा कायदा झाला. पुढच्याच वर्षी शाहू महाराजांचे धाकटे चिरंजीव प्रिन्स शिवाजी शिकारीत अपघातानं गेले, तर महाराजांनी कोवळ्या वयाच्या विधवा सुनेला, इंदुमतीदेवींना, कोपऱ्यात बसवलं नाही, सोनतळीला ठेवून शिकवलं. आणि एवढं मागं कशाला जायचं? आपल्या शिरोळ तालुक्यातल्या हेरवाडनं मे 2022 मध्ये ग्रामसभेत ठराव केला, नवरा गेल्यावर बाईचं कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं बंद. त्याच महिन्यात राज्य सरकारनं बाकीच्या ग्रामपंचायतींना तोच कित्ता गिरवायला सांगितलं. एवढ्या जुन्या रिती मोडणाऱ्या जिल्ह्यात रात्रीची चार भांडी पुरुषानं घासली तर आभाळ कोसळणार नाही.

आता तुम्हाला. रागावू नका, पण "चार आठवडे मीही काही बोलत नाही, उगीच सासूबाईंना वाईट वाटायला नको" हे वाक्य तुमचं आहे. बदलतो तो एकटाच नाही. तुम्हीही ओढणी खोचून ओट्याशी उभ्या राहता आणि त्याला पाणी नेऊन देता. मोठ्यांना ते चार आठवडे असतात. मुलाच्या लेखी तेवढंच कोल्हापूर असतं. त्याच्या डोक्यात साधा हिशेब बसतो: बाबा जर्मन बोलतात तेव्हा काम करतात, मराठी बोलतात तेव्हा बसतात. हा मुलगा सोफ्याची सवय लावून घेईल, ती एक वेळ मोडता येईल. त्याच्या सहा वर्षांच्या बहिणीचं मला जास्त वाटतं. पंधराव्या वर्षी ती "मला तिकडं यायचंच नाही" म्हणाली की आपण सगळे मिळून परक्या संस्कृतीला दोष देणार. ओळखीतल्या किती घरांत हे झालंय, नावं घेत नाही.

मग करायचं काय? तिथं पोचल्यावर भांडण नको, तिकिटं काढतानाच बोला. सासूबाईंना त्यानं स्वतः फोनवर सांगायचं, "आई, मी आलो की रात्रीची भांडी माझ्याकडं." सुनेनं सांगितलं तर तो हुकूम होतो. त्या म्हणणार, "अरं तू बस की, मी घासतो." म्हणू देत. त्या माउलीला उभ्या आयुष्यात घरातली तेवढीच जागा स्वतःची मिळाली, तिथून तिला उठवायचं नाही. भाकरी तिलाच थापू द्या, फोडणी तिचीच. त्यानं घ्यायची ती कुणालाच नको असलेली कामं: रात्रीची भांडी (सकाळच्या मावशी रात्री येत नाहीत ना?), टेबल पुसणं, अंथरुणं काढणं. रोज. आणि ताई, फोटो काढून फॅमिली ग्रुपवर टाकायचा नाही, कौतुकही करायचं नाही. तुमच्या कामाचं कोण करतं?

आमच्या ह्यांनी पहिल्यांदा सासरच्या घरात हातात फडकं घेतलं, तेव्हा आत्याबाई म्हणाल्या होत्या, "तिकडं बायकोनं हेच शिकवलं व्हय?" हे म्हणाले, "लग्नाआधी फ्रँकफुर्टात एकटा होतो आत्या, मग काय उपाशी मरू?" आत्याबाई दोन दिवस घुश्शात. पुढच्या खेपेला त्यांनीच हाक मारली, "तेवढी ताटं पुसून घेतोस का रं? माझा हात दुखतोय." घर असंच वळतं, कुणाचा तरी हात दुखायला लागतो.

आता बाकीचं पटापट.

हक्कसोडपत्र: भाऊ "नुसती एक सही" म्हणतो म्हणून भाऊबीजेच्या गडबडीत सही करून येऊ नका. हिंदू वारसा कायद्यातल्या 2005 च्या दुरुस्तीनं वडिलोपार्जित मालमत्तेत मुलीचा हक्क मुलाएवढाच आहे. त्या वेळी वडील हयात असायलाच हवेत असं नाही, हेही सर्वोच्च न्यायालयानं 2020 मध्ये स्पष्ट केलंय. सोडायचा तर राजीखुशीनं सोडा, पण आधी सात-बारा आणि प्रॉपर्टी कार्ड बघा आणि भावाचा नसलेला वकील गाठा. एकदा नोंदलेला कागद सहजासहजी फिरवता येत नाही.

आडनाव: माहेरचं ठेवा नाहीतर सासरचं, कागदोपत्री सगळीकडं एकच असू द्या. मुलांचं वेगळं असेल तर प्रवासात त्यांच्या जन्मदाखल्याची प्रत पर्समध्ये ठेवा.

कथ्थक: क्लास अजिबात बंद करायचा नाही. बिरजू महाराज पुरुषच होते, हे सासऱ्यांना सांगून बघा, पण नुसत्या सांगण्यानं ते ऐकतील असं वाटत नाही. ते मे महिन्यात तुमच्याकडं येणार आहेत ना? नातवाला क्लासला सोडायचं काम त्यांच्याकडं द्या आणि तासभर तिथंच बसवा. खासबागेत कुस्त्या मारलेला माणूस आहे म्हणता. मांडी भरून येईस्तोवर पोरगं तत्कार करतंय हे बघितल्यावर काय म्हणतात, ते मला जरूर कळवा.