नाच बघून कुणी सीमा विसरतं का?

प्रश्न : ताई, ब्रिक्सची (ब्राझील, रशिया, भारत, चीन, दक्षिण आफ्रिका वगैरे देशांच्या गटाची) परिषद आली की सोबत सांस्कृतिक महोत्सव आलाच. आपली नृत्यपथकं तिकडे, त्यांची इकडे. यातून देशाच्या पदरात काही पडतं, की ही नुसती सरकारी खर्चाने सहल? (एक निवृत्त बँक कर्मचारी)

उत्तर : सहल होतेच, ते कशाला नाकारू? रशियनची दुभाषी म्हणून अशा पथकांबरोबर मी पुष्कळ हिंडले आहे. शाली, पुष्पगुच्छ, दोन्ही बाजूंची भाषणं, आणि त्या भाषणांचं माझं भाषांतर. तोवर मुली पायात घुंगरू बांधून विंगेत ताटकळलेल्या. एका कार्यक्रमात वेळ कमी पडला म्हणून दोन नाच गाळले. भाषण मात्र एकही गळलं नाही!

तरी सगळंच निकालात काढू नका. १९५४ साली सोव्हिएत संघात भारतीय चित्रपटांचा महोत्सव झाला, तोही सरकारी आशीर्वादानेच. पण राज कपूरचा ‘आवारा’ महोत्सवापुरता राहिला नाही. त्याचं रशियन डबिंग झालं, तो गावोगावच्या थिएटरांत लागला आणि सहा कोटींवर तिकिटं खपली. लोकांनी स्वतःच्या खिशातून पैसे मोजले, ही त्यातली खरी गोष्ट. ब्रिक्स देशांनी २०१५ साली रशियातल्या उफा शहरात सांस्कृतिक सहकार्याचा करार केला, २०१६ साली दिल्लीत ब्रिक्सचा पहिला चित्रपट महोत्सवही झाला. पण पुरस्कार वाटून झाल्यावर तो ब्राझीलचा किंवा दक्षिण आफ्रिकेचा सिनेमा आपल्या थिएटरांत लागणार नसेल, तर पाहणार कोण? परीक्षक आणि मी.

आता तुमच्या मनातली खरी शंका. या सगळ्याने राजकारण बदलतं का? अमेरिकी राज्यशास्त्रज्ञ जोसेफ नाय यांनी ‘सॉफ्ट पॉवर’ची कल्पना मांडली ती अशी, की धाक किंवा पैसा न वापरता नुसत्या आकर्षणाने दुसऱ्याला आपल्याकडे वळवायचं. त्याची परीक्षा २०१७ साली झाली म्हणा ना. मे महिन्यात ‘दंगल’ चीनमध्ये लागला आणि भारतापेक्षाही जास्त कमाई त्याने तिथे केली. जूनमध्ये कझाकस्तानच्या राजधानीत, अस्तानाला, चीनचे अध्यक्ष शी जिनपिंग यांनी मोदींना सांगितलं, मी पाहिला, आवडला. आणि त्याच महिन्यात भूतानजवळच्या डोकलामला दोन्हीकडचे जवान समोरासमोर उभे ठाकले, ते ऑगस्ट अखेरपर्यंत! सिनेमाने एकही तंबू हलवला नाही. त्याच्याकडून तशी अपेक्षा करणाऱ्यांचंच मला नवल वाटतं.

मग उपयोग काय? मुलींना कुस्ती शिकवणारा, हट्टी, वेळेला कठोर बाप चिनी प्रेक्षकाला ओळखीचा वाटला. भारत म्हणजे फक्त सीमावादाची बातमी नाही, एवढं त्याच्या डोक्यात राहिलं. हे भांडवल संथ आहे, आणि दार बंद झालं की गोठतं. चीनमध्ये परदेशी सिनेमांना कोटा असतो. दोन देशांमधली थेट विमानं २०२० पासून बंद होती, ती २०२५ च्या ऑक्टोबरात सुरू झाली. विमान नाही, व्हिसाला हेलपाटे, अशा वेळी कसली आलीय देवाणघेवाण? माझ्या हातात कारभार असता तर नृत्यपथकांचे निम्मे पैसे मी डबिंग, अनुवाद आणि शिष्यवृत्त्यांकडे वळवले असते. इथिओपिया ब्रिक्समध्ये आला २०२४ साली, पण आपले शिक्षक तिथल्या शाळांत कित्येक दशकांपूर्वीपासून गणित-विज्ञान शिकवत होते. त्यांच्यासाठी कुणी रिबिनी कापल्या नव्हत्या.

प्रश्न : रशिया-चीनचं समजलं. पण ब्राझीलशी आपला काय संबंध? (पोर्तुगीज शिकणारी विद्यार्थिनी)

उत्तर : २००९ साली तिथल्या ग्लोबो वाहिनीवर भारतातल्या कुटुंबाची मालिका गाजली, तिला आंतरराष्ट्रीय एमी पुरस्कारही मिळाला. नट सगळे ब्राझीलचेच, साड्या नेसलेले, आणि प्रेक्षक घरोघरी ‘अरे बाबा’ म्हणायला लागले. आपला भारत त्यात जरा भडकच होता, पण कुतूहल खरं होतं. उलट दिशेने मात्र शुकशुकाट. ब्राझीलचं साहित्य मराठीत येतं ते बहुतेक इंग्रजीवरून. तेव्हा पोर्तुगीज पक्की करा आणि एखादी कथा थेट मराठीत आणा. छापायला संपादक मी गाठून देते.