स्टीलची की फायबरची, गॅस की इंडक्शन: शिडाच्या बोटीचा हिशेब

नमस्कार. तुमचं पत्र दोनदा वाचलं. इतर वाचकांसाठी थोडक्यात सांगतो. तुम्ही मर्चंट नेव्हीतून निवृत्त झालेले चीफ इंजिनिअर, वय ५९, मूळ गाव रत्नागिरी, राहणं ठाण्यात. वहिनी शिक्षिका होत्या. मुलगी नोकरीत स्थिरावली आहे. घर सोडून ३.६ कोटी रुपये हाताशी आहेत, आणि त्यातले ७० लाख घालून मलेशियातल्या लंकावीला एक जुनी शिडाची बोट घ्यायची, पाच वर्षं अंदमान समुद्रात आणि इंडोनेशियाकडे फिरायचं, मग विकून परत यायचं. बोटी तीन पाहिल्यात: ३८ फुटी स्टीलची, १९९१ची, ३२ हजार डॉलर, ३७ फुटी फायबरची, १९८९ची, ५१ हजार डॉलर, आणि वहिनींना आवडलेली कॅटमरान (दोन सांगाडे जोडलेली बोट), १ लाख १५ हजार डॉलर. तुमचा कल स्टीलकडे आहे. शिवाय बोटीवरचा गॅस काढून सगळा स्वयंपाक इंडक्शनवर न्यायचा आहे, त्याचं कोटेशन ९ हजार डॉलर.

माझं मत आधीच सांगतो: फायबरची घ्या, आणि गॅस राहू द्या.

डॉलर ९० रुपये धरू. स्टीलची बोट २९ लाखांना, फायबरची ४६ लाखांना पडते. तुम्ही लिहिता, "१७ लाख वाचतात, आणि स्टील मला कळतं." दोन्ही वाक्यांबद्दल मला काळजी वाटली. जहाजावर तुम्ही पंधरा मिलिमीटरची प्लेट पाहिलीत. गेजिंगमध्ये, म्हणजे प्लेटची जाडी मोजताना, एक मिलिमीटर कमी आढळला तर तुम्ही नोंद करून पुढे जात असाल. या आकाराच्या बोटीची प्लेट साधारण चार मिलिमीटरची असते. तिथे एक मिलिमीटर गेला म्हणजे पाव हल, बोटीचा बाहेरचा सांगाडा, गेला. आणि असा गंज बाहेरून दिसत नाही. तो आतून लागतो: संडासाच्या मागे, पाण्याच्या टाकीखाली, इन्सुलेशनच्या आड. ते सगळं फर्निचर उपसल्याशिवाय हात पोहोचत नाही. जहाजावर हे काम ड्रायडॉकमध्ये कंपनीच्या खर्चानं होत होतं. इथे तो खर्च तुमच्या पेन्शनीच्या पैशातून होणार.

विकत घेताना स्वस्त मिळालेल्या बोटीची देखभाल स्वस्त होत नाही. देखभालीचा खर्च लांबीवर आणि वयावर ठरतो, किमतीवर नाही. शिडं, दोऱ्या, तळाला शेवाळ-शिंपले धरू नयेत म्हणून लावायचा अँटिफाउलिंग रंग, मरीनाचं (बोटींच्या धक्क्याचं) भाडं हे कुठल्याही ३८ फुटी बोटीला जितकं, तितकंच लागणार. वर स्टीलला सँडब्लास्टिंग (वाळूच्या फवाऱ्यानं गंज खरवडणं), प्लेट बदलणं, पुन्हा एपॉक्सी रंग. माझ्या अंदाजानं त्यावर १२ लाख जातील, म्हणजे बोट ४१ लाखांची झाली. पाच वर्षांनी, ३९ वर्षं वयाच्या स्टीलच्या बोटीला गिऱ्हाईक मोजकं असतं. १४ लाख आले तरी चांगले म्हणेन. तुमचे गेले २७ लाख. फायबरच्या बोटीवर ५ लाखांची डागडुजी धरली तर ५१ होतात, आणि विकताना ३२ लाख मिळणं अवास्तव नाही. गेले १९ लाख. हे आकडे माझ्या गृहीतकांवर उभे आहेत, सर्व्हेनंतर, म्हणजे बोटीच्या तज्ज्ञ तपासणीनंतर, बदलतील. पण दिशा बदलेल असं मला वाटत नाही.

विक्रेत्याला एक प्रश्न जरूर विचारा: हा हल यार्डात बांधला की एखाद्या हौशी माणसानं परसात? त्या काळात स्टीलच्या कित्येक बोटी घरी बांधल्या गेल्या. अशा बोटीला पूर्ण विमा मिळवणं अवघड जातं, आणि विमा नाही म्हटल्यावर काही मरीना आत घेत नाहीत.

स्टील प्रवाळावर आपटलं तरी टिकतं, हे तुमचं म्हणणं खरं आहे. पण त्यावरून फायबर कच्चं ठरत नाही. दिलीप दोंदे यांनी २००९-१०मध्ये एकट्यानं पृथ्वीप्रदक्षिणा केली ती 'म्हादेई' गोव्यात, दिवाडीला, रत्नाकर दांडेकरांच्या यार्डात बांधलेली. आत लाकडाचा गाभा, त्यावर फायबर. पुढे अभिलाष टॉमी यांनी २०१२-१३मध्ये त्याच बोटीतून न थांबता फेरी पूर्ण केली. कोकणातही मासेमारीसाठी लाकूड सोडून फायबरकडे लोक वळले ते देखभाल परवडेना म्हणून. तुम्ही हे रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदरात डोळ्यांनी पाहिलं असेल.

कॅटमरानबद्दल वहिनींचा मुद्दा मी हलका मानत नाही. एका बाजूला कललेल्या बोटीत पोळ्या लाटणं हे रोजचं जगणं आहे, आणि कॅटमरान कलत नाही. पण तिचे १ कोटी ३ लाख, वर दोन इंजिनं, दोन हल रंगवणं, दीडपट ते दुप्पट मरीना भाडं. राखीव रक्कम धरून तुमच्याकडे २.३५ कोटी उरतील आणि वर्षाला १६ लाख काढावे लागतील, म्हणजे जवळपास सात टक्के. ५९व्या वर्षी मी याला हो म्हणू शकत नाही. त्याऐवजी काही खरेदी करण्याआधी दोघांनी एक आठवडा तिथेच भाड्यानं एकहली, म्हणजे एकाच हलची, बोट घ्या. वहिनींना ते जगणं झेपलं नाही, तर वाचणारा पैसा भाड्याच्या कितीतरी पट असेल.

आता चूल. दोन माणसांना बोटीवर, कुकर वापरून, महिन्याला चार-पाच किलो गॅस लागतो. किलोला दीडशे रुपये हा चढा दर धरला तरी वर्षाला ९ हजारांच्या आत. इंडक्शनच्या ८ लाख १० हजारांची परतफेड गॅसच्या बचतीतून करायची तर ९० वर्षं लागतील. तुम्ही म्हणाल, सोलर आणि बॅटरी फ्रिजलाही लागतेच. बरोबर. म्हणून तेवढाच भाग घ्या: फ्रिज, ऑटोपायलट, दिवे यांना पुरेल अशी ३ लाखांची लहान यंत्रणा. स्वयंपाकासाठीचा मोठा इन्व्हर्टर आणि जादा बॅटऱ्या वगळा. भात-आमटी-पोळीला रोज सव्वा ते दीड युनिट वीज लागते, १२ व्होल्टवर १०० ते १२५ अँपिअर-तास. कोटेशनमधले ८०० वॉटचे पॅनेल स्वच्छ उन्हात अडीच-तीन युनिट देतील, पण शिडाची सावली आणि पावसाळी ढग आले की निम्मे. मग वरणासाठी इंजिन सुरू करायचं का?

रॉकेलचा स्टोव्ह स्टीलच्या बोटीवर आहे. आपल्या पिढीला तो पंप मारणं, पिन घालणं चांगलं आठवतं, पण स्वच्छ रॉकेल आता सहज मिळत नाही. स्पिरिटच्या शेगडीत वजनामागे उष्णता गॅसच्या निम्म्याहून थोडीच जास्त. डिझेलची शेगडी केबिन तापवते, आणि लंकावी विषुववृत्तापासून सहा अंशांवर आहे.

गॅसची भीती मात्र रास्त आहे, त्यावर पैसे वाचवू नका. घरी गळती झाली तर आपण दार उघडतो, गॅस खालून निघून जातो. बोटीला खाली दार नसतं. हवेपेक्षा जड गॅस बिल्जमध्ये, बोटीच्या तळाच्या पोकळीत, साचून राहतो आणि एका ठिणगीची वाट पाहतो. सिलिंडर डेकवरच्या बंद खणात ठेवायला हवा, त्या खणाची नळी थेट बाहेर समुद्राच्या बाजूला उघडायला हवी. गॅस बटणानं बंद करणारा सोलेनॉइड व्हॉल्व्ह, बिल्जमध्ये गॅस डिटेक्टर, कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म, दर पाच वर्षांनी नवा पाइप. ७० हजार धरा आणि पहिल्याच आठवड्यात करून घ्या.

हल आणि इंधन तुम्ही वेगवेगळे प्रश्न म्हणून विचारलेत, पण ते जोडलेले आहेत. एक किलो गॅस जळला की सुमारे १.६ लिटर पाणी वाफेच्या रूपानं केबिनमध्ये येतं. महिन्याला पाच किलो म्हणजे आठ लिटर, कुकरची वाफ वेगळी. स्टीलच्या बोटीत ती वाफ इन्सुलेशनमागच्या थंड प्लेटवर जाऊन बसते. आणि गॅस टाळून वीज वाढवली, तर भरकटलेल्या करंटमुळे गंजापासून बचावासाठी लावलेलं झिंक आणि पाठोपाठ हल खाल्ला जाण्याचा धोका. फायबरमध्ये वाफेनं बुरशी येते, गंज नाही.

तर ७० लाखांची वाटणी अशी करा: सगळं मिळून ५८ लाख बोटीवर, १२ लाख लिक्विड फंडात (हवे तेव्हा काढता येणाऱ्या म्युच्युअल फंडात), इंजिन किंवा डोलकाठीसाठी. ठाण्याचा फ्लॅट भाड्यानं दिल्यावर तुमचा निव्वळ खर्च महिन्याला लाखाच्या आसपास राहतो. उरलेल्या २.९ कोटींवर हे चार टक्के होतात, झेपणारं आहे.

पैसे पाठवण्याबद्दल. एलआरएसखाली (परदेशी पैसे पाठवण्याच्या रिझर्व्ह बँकेच्या योजनेखाली) प्रत्येकाला आर्थिक वर्षात अडीच लाख डॉलर पाठवता येतात, पण १० लाखांवरच्या रकमेवर २० टक्के टीसीएस, म्हणजे आगाऊ कर, कापला जातो. तो विवरणपत्रात परत मिळतो, पण तोवर अडकतो. एकट्यानं ४६ लाख एकदम पाठवले तर ७ लाख २० हजार अडकतील. बोट दोघांच्या नावावर घेऊन दोघांनी मार्चमध्ये आणि एप्रिलमध्ये, म्हणजे दोन आर्थिक वर्षांत, आपापला हिस्सा पाठवला, तर अडकतात फक्त १ लाख २० हजार. त्याआधी बँकेत तुमच्या एफसीएनआर ठेवीची (अनिवासी असताना परकी चलनात ठेवलेल्या ठेवीची) चौकशी करा. परत आलेल्या माणसाला ती आरएफसी खात्यात, म्हणजे निवासी माणसाच्या परकी चलन खात्यात, वळवता येते, आणि तिथल्या पैशांना एलआरएसची मर्यादा लागत नाही. बोट दर वर्षी विवरणपत्राच्या शेड्युल एफएमध्ये, परदेशी मालमत्तेच्या तक्त्यात, दाखवा. विसरल्यास दंड १० लाखांचा आहे. शेवटी बोट अलिबागजवळच्या मांडव्याला आणायची इच्छा पत्रात डोकावते, ती सोडा. सप्टेंबर २०२५पासून यॉटवर ४० टक्के जीएसटी आहे, कस्टम्स वेगळं.

फायबरच्या बोटीची ऑफर देताना ती सर्व्हे आणि समुद्रातल्या चाचणीच्या अटीवरच द्या. बोट पाण्याबाहेर काढून, विक्रेत्याशी संबंध नसलेल्या सर्व्हेअरकडून तपासा, दीड लाखापर्यंत खर्च धरा. तळावर ऑस्मोसिसचे, म्हणजे फायबरमध्ये पाणी मुरून आलेले, फोड किती, डोलकाठीच्या तारा कोणत्या वर्षीच्या, हे दोन आकडे हातात आले की मला कळवा. त्यावरून ५१ हजारांतून किती कमी मागायचे ते ठरवू.