लाइव्ह डीव्हीडीवरील लिनक्समध्ये केलेले बदल कायम कसे ठेवता येतील?

आपण विचारले आहे की, दादरच्या एका वाचनालयातील जुन्या संगणकावर लाइव्ह डीव्हीडीवरून (म्हणजे काहीही न बसवता थेट डिस्कवरूनच) डेबियन ही लिनक्स प्रणाली चालवताना मराठी फॉन्ट आणि कळफलक दर वेळी नव्याने बसवावे लागतात. हार्ड डिस्कला हात न लावता हे टाळता येईल का? येईल, आणि तेही दोन मार्गांनी. गिरगावातील एका अभ्यासिकेचे संगणक सांभाळताना मी दोन्ही वापरून पाहिले आहेत.

डीव्हीडीवरील प्रणाली स्क्वॅशएफएस या दाबून भरलेल्या, केवळ वाचता येणाऱ्या स्वरूपात असते. तिच्यावर ओव्हरलेएफएस ही थर रचणारी फाइल-व्यवस्था रॅममध्ये एक लिहिता येणारा थर पसरते. एखादी फाइल आपण बदलली की तिची प्रत या वरच्या थरात तयार होते आणि पुढे तीच दिसू लागते. संगणक बंद झाला की हा थर नाहीसा होतो.

पहिला मार्ग म्हणजे हा थर पेन ड्राइव्हवर ठेवणे. त्यावर एक्स्ट४ या लिनक्सच्या फाइल-स्वरूपाचे पार्टिशन (स्वतंत्र भाग) करून त्याला 'पर्सिस्टन्स' हे लेबल द्यावे (रोमन लिपीत, सर्व अक्षरे लहान) आणि त्यात 'पर्सिस्टन्स.कॉन्फ' नावाची फाइल ठेवून तिच्यात तिरकी रेघ (/), मोकळी जागा आणि 'युनियन' हा शब्द एवढी एकच ओळ लिहावी. फॉरमॅट करण्यापूर्वी ड्राइव्हचा आकार दोनदा तपासावा, नाहीतर नेमकी हार्ड डिस्कच पुसली जायची. सुरुवातीच्या मेनूत टॅब किंवा 'ई' दाबून बूटच्या ओळीत, म्हणजे प्रणाली सुरू करणाऱ्या आज्ञेत, 'पर्सिस्टन्स' हा शब्द जोडला की काम झाले. अडचण अशी की डीव्हीडीवरचा मेनू बदलता येत नसल्यामुळे हा शब्द दर वेळी टंकावा लागतो. शिवाय संपूर्ण प्रणाली अद्ययावत करण्याच्या फंदात पडू नये: जुन्या फाइली डीव्हीडीवर तशाच राहतात, नव्या पेन ड्राइव्हवर साचत जातात, आणि कर्नल, म्हणजे प्रणालीचा गाभा, मात्र डीव्हीडीवरचाच चालू होतो.

घरच्या संगणकासाठी मी हाच मार्ग सुचवला असता. वाचनालयात मात्र संगणक बंद होताच सारे विसरतो हा गुणच आहे, कारण आधीच्या वाचकाने उघडे ठेवलेले ईमेल खाते पुढच्याच्या हाती लागत नाही. अभ्यासिकेत पेन ड्राइव्हचा थर लावला तेव्हा दोन आठवड्यांतच ब्राउझरमध्ये अनोळखी मुलांचे पासवर्ड जपून ठेवलेले सापडले. चूक माझीच होती.

म्हणून आपण दुसरा मार्ग धरावा: लाइव्ह-बिल्ड हे डेबियनचे साधन वापरून, फॉन्ट आणि कळफलक आधीच घातलेली स्वतःची लाइव्ह डिस्क तयार करावी. डेबियन बसवलेल्या दुसऱ्या संगणकावर 'एलबी कॉन्फिग' ही आज्ञा दिली की एक मांडणी तयार होते. तिच्यातील पॅकेजांच्या यादीत आपला डेस्कटॉप आणि लोहित देवनागरी फॉन्टचे पॅकेज लिहावे, बूटच्या ओळीत 'कीबोर्ड-लेआउट्स' या पर्यायाने इंग्रजीसोबत भारतीय कळफलक जोडावा आणि मग 'एलबी बिल्ड' चालवावे. तयार झालेली डिस्क-प्रतिमा (डिस्कवर उतरवायची एकसंध फाइल) ४.७ जीबीच्या साध्या डीव्हीडीवर मावते आहे ना, तेवढे ती डिस्कवर उतरवण्यापूर्वी (बर्न करण्यापूर्वी) पाहून घ्यावे.